हसण्यावारी नेलेलं

(भांडुप येथे महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर.)



"अलीकडे काय वाचलंस आणि ते वाचून काय वाटलं, ते सांग," एवढंच मला सांगण्यात आलं आहे. मी समीक्षक नाही. कथेचा आकृतिबंध वगैरे बोलायला सांगितलं असतं तर मी इथं उभीच राहिले नसते. पण गेलं वर्षभर मी एकटीनं असं फारसं वाचलेलं नाही. जे वाचलं ते दहा-पंधरा जणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यामुळं मी सांगणार आहे त्यातलं निम्मं मत माझं, निम्मं त्यांचं आहे. ती दोन्ही प्रत्येक वेळी जुळली असं मात्र समजू नका.

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला एका खोलीत आम्ही दर गुरुवारी दुपारी दोन ते चार बसतो. वेळ ठरवली ती पाण्यानं आणि मुलांच्या शाळेनं, आमच्या सोयीनं नाही. येणाऱ्या बायका कोकणनगरच्या, टेंभीपाड्याच्या. निम्म्याहून जास्त जणी मूळच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या, काही सातारा-सांगलीच्या. सकाळी मुलुंड किंवा पवईच्या टॉवरमध्ये धुणीभांडी, पोळ्या करून येणाऱ्या आहेत, घरी इमिटेशन ज्वेलरीचं काम करणाऱ्या आहेत, आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात नवरा होता आणि कारखाना बंद पडल्यावर घरी बसला, अशाही आहेत. काहींना वाचता येत नाही. काहींना येतं, पण चष्मा नाही. म्हणून मोठ्यानं वाचायचं. कायद्याच्या, आरोग्याच्या पुस्तिका आम्ही इतर दिवशी वाचतोच. गुरुवार फक्त गोष्टींचा. कादंबरी पुरी होत नाही, कारण मागच्या वेळी असलेली बाई पुढच्या वेळी येईलच असं नाही. म्हणून एका बैठकीत संपेल असंच काही घेतो : एखादी कथा, एखादा विनोदी लेख.

वर्षभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कथा वाचून झाली की बायका गप्प होतात. विनोदी लेख वाचून झाला की बोलायला लागतात. मला वाटलं होतं उलट होईल. दुःखाची कथा ऐकून बाई आपलं दुःख सांगेल आणि विनोद ऐकून हसून घरी जाईल, असा आपला सरळ हिशेब असतो. तसं होत नाही. का होत नाही, त्याबद्दलच मुख्यतः बोलणार आहे.

आधी दोन जुन्या पुस्तकांबद्दल. मराठीत १९३३ साली दोन पुस्तकं आली. एक चिं. वि. जोशींचं ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ आणि दुसरं विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’. ही दोन्ही एकाच सालची आहेत हे मला माहीत नव्हतं. मागची पानं उलटताना कळलं, आणि मग मुद्दाम एकापाठोपाठ एक वाचली. एकच काळ, एकच मध्यमवर्ग, पण ही दोन घरं एकमेकांना कधी भेटतील असं वाटत नाही.

चिमणराव तुम्हाला माहीत आहेत. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्व्यांना पाहिलं आहे. आमच्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांना ती मालिका अजून आठवते. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे, विद्वान माणूस, पण त्यांनी सगळी फजिती स्वतः निवेदन करणाऱ्या चिमणरावांच्या अंगावर घेतली आहे. हे मला फार आवडलं. बायको काऊ, मुलं, तो आडदांड गुंड्याभाऊ, सगळी आहेत. पण मूर्ख ठरतो तो घरचा कर्ता पुरुष. बायकोला मूर्ख ठरवून हसू मिळवणं तेव्हाही सोपं होतं. या माणसानं ते फारसं केलं नाही. बायका मोकळेपणानं हसल्या. एक जण म्हणाली, "हा असला नवरा चालेल. निदान आपलं चुकलं असं त्याला वाटतं तरी." मात्र दुसरीनं लगेच विचारलं, "पण काऊला काय वाटतं, ते कुठं लिहिलंय?" खरंच, ते फारसं नाही. काऊ सतत घरात आहे, पण आतून ती आपल्याला दिसत नाही.

ते आतून दिसणं ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये आहे. विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर झाल्या. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं, आणि ते टोपणनावानं लिहावं लागलं. ही बाई कोण, याचा शोध घेण्यात त्या वेळच्या समाजानं जी शक्ती घालवली ती पुस्तकातला मजकूर समजून घेण्यात घातली असती तर बरं झालं असतं. त्यातल्या एका कथेचं नाव आहे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’. मुलगी कमावती आहे, तिच्या पगारावर वडिलांचं घर चाललं आहे, आणि म्हणून तिच्या लग्नाची घाई कुणालाच नाही.

नव्वद वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या मुलीची ही कथा, भाषा थोडी जुनी, तेव्हा आमच्या गटात कितपत पोचेल याची मला शंका होती. त्या दिवशी एक तेवीस वर्षांची मुलगी आली होती. मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राहते, दहा तास. वडील घरी, भाऊ शिकतो. कथा संपल्यावर ती काही बोलली नाही. तिची आईही आली होती, ती उठून बाहेर पाणी प्यायला गेली. पुढच्या गुरुवारी दोघीही आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या गुरुवारी फक्त आई आली. म्हणाली, "तुम्ही ती गोष्ट मुद्दाम वाचलीत का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंही होतं. आई म्हणाली, "आम्ही तिला दाबून ठेवलेलं नाही. पण स्थळ आलं की तिचे वडील आधी विचारतात, लग्नानंतर पगार कुणाकडे." त्यावर कुणी भाष्य केलं नाही. कथेनं काम केलं, पण शब्द फुटायला दोन आठवडे लागले. कथेनंतर बायका गप्प होतात असं मी म्हटलं ते या अर्थानं.

आता विनोदी लेखांकडे येते.

पु. ल. देशपांड्यांशिवाय मराठी विनोदाबद्दल बोलता येत नाही. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ चं पुस्तक. त्यातला ‘उपास’ मी वाचला. वजन कमी करायचं म्हणून निवेदक खाणं सोडतो आणि सगळी चाळ त्याला सल्ले देते. आमच्या खोलीत एवढं हसू पूर्वी कधी झालं नव्हतं. मला वाटलं, पु.लं.च्या वाक्यांना हसतात. हसत होत्याच. पण थोड्या वेळानं हसू वेगळ्या दिशेला गेलं. संकष्टी, सोमवार, गुरुवार, वटपौर्णिमा, हरितालिका असा एकेकीचा हिशेब सुरू झाला. एक जण म्हणाली, "एका पुरुषानं दोन दिवस जेवण सोडलं तर अख्खी चाळ गोळा झाली. मी आठवड्याला दोन उपास करते, सासूलासुद्धा माहीत नाही." मग दुसरी म्हणाली, "उपासाचं सोड, जेवायच्या दिवशी तरी तू काय जेवतेस?" आणि मग शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरतं हा विषय निघाला. रक्त कमी असण्याबद्दल आपण तक्ते लावून जे सांगतो, ते त्या दिवशी तक्त्याशिवाय निघालं. पु.लं.च्या मनात हे काही नव्हतं. पण चांगल्या विनोदी लेखात लेखकाच्या मनात नसलेलंही वाचता येतं, कारण त्यात घर खरं असतं, चूल खरी असते.

पु.लं.चंच ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्या. नारायण, हरितात्या, अंतू बर्वा, सखाराम गटणे, चितळे मास्तर. माझंही आवडतं पुस्तक, अजूनही आहे. पण अनुक्रमणिका बोटानं वाचून बघा. तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. मराठी बाई ‘वल्ली’ असू शकते हे कुणाला सुचलं नाही. तिऱ्हाईत माणसाला दिसतं ते चव्हाट्यावरचं, पारावरचं, ऑफिसातलं विक्षिप्तपण. बाई विक्षिप्त असली तर तिला वल्ली म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात. आमच्या गटात ही चर्चा झाली तेव्हा बायकांनी आपापल्या गल्लीतल्या वल्ली बायका सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे एक साठीच्या आजी आहेत. रेशन दुकानदार, नगरसेवकाचा माणूस, केबलवाला, कुणालाही त्या ‘जावईबापू’ म्हणतात आणि रांगेत पुढं जातात. त्यांच्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे. (त्या आज इथं आलेल्या आहेत, तेव्हा अधिक सांगत नाही.)

पण सगळा विनोद चिं. वि. आणि पु.लं.चा नसतो. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून एक ठरावीक साचा वर्षानुवर्षं चालत आलेला आहे, तो तुम्ही ओळखाल. बायको माहेरी जाते. नवऱ्याला वाटतं, सुटलो. पहिल्या दिवशी मित्र, दुसऱ्या दिवशी दूध उतू जातं, तिसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट सापडत नाही, चौथ्या दिवशी तो तिला परत ये म्हणतो. ती येते आणि दारातच ओरडायला लागते. याचे किती अवतार मी वाचले असतील! असाच एक लेख मी गटात वाचला. लेखकाचं नाव घेत नाही, कारण साचा त्याचा एकट्याचा नाही. भाषा चटकदार होती. बायका हसल्या. मग एकीनं विचारलं, "ती माहेरी गेली तेव्हा गाडीभाड्याचे पैसे कुणी दिले?" त्यावरही हसू. आणि त्या हसण्यात, कोपऱ्यात बसलेली एक बाई अगदी सहज, हसतच म्हणाली, "मी अकरा वर्षांत माहेरी गेले नाही."

ही बाई आमच्याकडे तीन महिने येत होती. मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी यायची. मी तिच्याशी दोनदा सविस्तर बोलले होते. नवरा कसा आहे, तर चांगला आहे. मारतो का, तर नाही. ते खरंही होतं, तो मारत नव्हता. तो जाऊ देत नव्हता. पैसे हातात देत नव्हता, भावाचा फोन आला की स्वतः घ्यायचा आणि ‘ती झोपली आहे’ म्हणायचा. आई वारली तेव्हा बाराव्याला तो एकटा जाऊन आला. हे माझ्या प्रश्नांना उत्तर म्हणून बाहेर आलं नसतं, कारण तिच्या लेखी ती तक्रार नव्हतीच, ती घरची रीत होती. विनोदी लेखातल्या बाईला मात्र न विचारता माहेरी जाता येतं, हे ऐकून तिला नवल वाटलं. जिथं आपण हसलो तिथं ती अडली.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला केस-रेकॉर्ड लिहायला शिकवतात. पार्श्वभूमी, कौटुंबिक माहिती, समस्येचं स्वरूप, हस्तक्षेप. बाई रडली तर आपण लिहितो. कशाला हसली, ते लिहायला त्या नमुन्यात रकाना नसतो. मी आता समासात लिहून ठेवते.

तिचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही दोघी जणी घरी गेलो, नवऱ्याशी बोललो, त्याच्या मोठ्या भावजयीची मदत घेतली. गणपतीत ती चार दिवस जाऊन आली. परत आल्यावर आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. आता बोलतो. फोन अजून तोच घेतो. काम चालू आहे.

विनोदाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फार गोड चित्र रंगवते आहे असं होईल. या वर्षी एका कचेरीत आम्ही एका बाईबरोबर तक्रार घेऊन गेलो होतो. हात सुजलेला. समोरचा गृहस्थ वाईट नव्हता, बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. आणि मग म्हणाला, "ताई, तुमच्याकडे निदान तक्रार करायला जागा आहे. आमच्या घरी मार खाणारा मीच!" बाकीचे हसले. आमच्याबरोबरची बाईही हसली. तिनं हसायलाच हवं होतं, तिचं काम त्याच्या हातात होतं. पण त्या एका हसण्यानंतर पुढचं सगळं पातळ झालं. ‘मारहाण’चं ‘वादावादी’ झालं. ते ‘मारहाण’ असं लिहून घेण्यासाठी आम्हाला आणखी दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

तो विनोद त्या गृहस्थाचा स्वतःचा नव्हता. तुमच्या-माझ्या मोबाइलवर सकाळी ‘शुभ प्रभात’च्या फुलांबरोबर तोच येतो. बायको म्हणजे हुकूमशहा, नवरा म्हणजे गरीब बिचारा, लग्न म्हणजे जन्मठेप. हे विनोद बायकाही पुढं पाठवतात. कौटुंबिक क्रौर्याबद्दलचं ४९८अ कलम १९८३ साली दंडविधानात आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्या जागी ८५ आणि ८६ ही कलमं आहेत. आकडे बदलले, पण ‘बायको चारशे अठ्ठ्याण्णव लावील हां’ हा विनोद तसाच चालू आहे. तो ऐकत मोठा झालेला माणूस उद्या टेबलापलीकडे बसला की त्याला समोरची सूज दिसायच्या आधी तो विनोद आठवतो. म्हणून मी म्हणते, हसण्यावारी नेलेल्या गोष्टी कुठं जाऊन पडतात ते आपण पाहिलं पाहिजे.

याचा अर्थ विनोदी लेख वाचू नयेत असा नाही. आमच्याच गटातल्या एका कार्यकर्तीचं मत होतं की असले लेख वाचणंच बंद करावं, चळवळीच्या बैठकीत त्यांना जागा कशाला. मला ते पटलं नाही. आपण बंद केल्यानं ते छापायचे थांबत नाहीत. आणि बायकांना त्यातलं काय बोचतं ते आपल्याला कळायचं थांबतं. आमचा हा वाद मिटलेला नाही, ती इथं आहे, ती बोलेल.

आता मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं त्या दोन कथांबद्दल.

बाबूराव बागुलांची ‘आई’ आणि ऊर्मिला पवारांची ‘कवच’. दोन्ही दलित लेखकांच्या, दोन्हींत आई आणि शाळकरी मुलगा, आणि दोन्हींत जग आईबद्दल वाईट बोलतं ते मुलाच्या कानावर पडतं. बागुलांच्या कथेतला मुलगा वर्गात आईची थोरवी सांगणारी कविता ऐकतो आणि त्याच वर्गातली मुलं त्याच्या आईवरून त्याला बोल लावतात. विधवा, तरुण, मजुरी करणारी, एकटी आई. वस्तीची नजर तिच्यावर, आणि हळूहळू तीच नजर मुलाच्या डोळ्यांत उतरते. शेवटी तो तिला सोडून जातो. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा बागुलांचा संग्रह १९६३ चा. त्यानंतर मराठी कथेत गरिबीचं गोंडस चित्र काढणं अवघड झालं, असं म्हणतात ते ही कथाही वाचली की पटतं. या कथेत कुठंही हसू नाही. बाईला उलट बोलायला जागाच नाही. मी वाचताना दोनदा थांबले.

‘कवच’ मधली आई आंबे विकते. कोकणातला बाजार. गिऱ्हाइकं आंब्यांवरून दुहेरी अर्थाचं बोलतात. बरोबर आलेला मुलगा शरमेनं, भीतीनं अर्धा होतो. पण ही आई खाली मान घालत नाही. त्याच आंब्यांवरून, त्याच भाषेत असा टोला देते की बोलणाऱ्याची वाचा बसते. मुलगा पाहतो. त्याला जी घाण वाटत होती तिच्यातच आई स्वतःला सांभाळून उभी आहे, हे त्याला दिसतं.

ऊर्मिला पवार स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांची आई बांबूच्या टोपल्या विणून विकायची, ते त्यांनी ‘आयदान’मध्ये (२००३) लिहिलं आहे. तेव्हा बाजारात बसणाऱ्या बाईची भाषा त्यांनी ऐकीव लिहिलेली नाही. आमच्या गटातल्या रत्नागिरीकडच्या बायकांना हे सांगावं लागलं नाही. कथा अर्ध्यावर आली तोवर त्या पुढचं वाक्य काय असेल ते आपापसांत सांगायला लागल्या होत्या. एकीची आत्या भांडुप स्टेशनबाहेर मासे विकायला बसायची. तिला कुणी ‘ताजं आहे का?’ असं विशिष्ट आवाजात विचारलं की ती काय म्हणायची, ते तिनं सांगितलं. ते मी इथं सांगू शकत नाही आणि अंकात तर छापताच येणार नाही. खोलीत मात्र हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कथा वाचल्यावर बायका हसल्या आणि बोलल्याही, असं वर्षभरात या एकाच कथेला झालं.

पण मग भांडण झालं, आणि ते चांगलं झालं. एक बाई, शिवणक्लास घेतात त्या, म्हणाल्या, "असलं बोलून आपण त्यांच्याच पायरीला उतरतो. मुलासमोर आईनं असं बोलावं का?" मासेवाल्या आत्याची भाची चिडली. "न बोलून माझी आत्या तीस वर्षं त्या फुटपाथवर टिकली असती का? तुमच्याकडे दार आहे, ते लावून घेता येतं." यात जात आहे, वर्ग आहे, हे मी तेव्हा म्हटलं नाही. त्यांच्या भांडणात ते माझ्यापेक्षा स्पष्ट आलं होतं. सभ्य भाषा ही दार असलेल्या बाईची सोय आहे. शिवणक्लासवाल्या बाईंना ते लागलं, त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या दुकानात माप घेताना मी एकटी असते. तेव्हा गिऱ्हाइकाचा नवरा काय बोलतो ते मला माहीत आहे. मला उत्तर येत नाही म्हणून मी गप्प बसते."

आणि मग ती मॉलमधली मुलगी, त्या दिवशी ती परत आली होती, म्हणाली की दुकानात गिऱ्हाइकाला उलट बोललं तर नोकरी जाते. तिथं आत्याचं काही चालणार नाही. आंबेवाली आपल्या टोपलीची मालकीण होती. हा मुद्दा मी कुठल्याही समीक्षेत वाचलेला नाही. धारदार जीभ हे बाईचं कवच आहे हे खरं, पण ते घालायची परवानगी कुठल्या कामात असते आणि कुठल्या कामात नसते, हे बघायला हवं. तिच्या दुकानात तक्रार समिती आहे का, असं मी विचारलं. तिनं खांदे उडवले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ चा आहे, दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी. पुढचा गुरुवार आम्ही नियम मोडून त्या कायद्याला दिला.

बागुल आणि पवार यांच्यात मी श्रेष्ठ-कनिष्ठ लावत नाही. पण बागुलांच्या कथेतून आई नाहीशी होते आणि मुलाचा आक्रोश उरतो. पवारांच्या कथेत मुलगा आईकडे बघत राहतो आणि आई उरते. बाईनं लिहिल्यामुळं हा फरक पडला असावा, असं मला वाटतं.

आता शेवटचं, थोडक्यात. ‘स्त्रीमुक्तीवाल्यांना विनोदबुद्धी नसते’ हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. बहुधा असा एखादा विनोद झाल्यावर, आपण हसलो नाही म्हणून. मला त्याचं उत्तर द्यावंसं वाटत नाही, फक्त तीन नावं आठवून द्यायची आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपाखाली १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून काळं पाणी झालं, त्या संतापातून त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ते पुस्तक आपण रागाचं म्हणून वाचतो. ते उपहासाचं म्हणून वाचून बघा. बायकांना लावलेले सगळे दुर्गुण घेऊन त्या पुरुषांच्या अंगाला मापून बघतात, आणि सगळे नेमके बसतात. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ चा, म्हणजे चिमणरावांच्या पुढच्याच वर्षीचा. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याचा लहरीपणा, घरातून अचानक निघून जाणं, हे सगळं दुसरीनं रडून सांगितलं असतं. त्या हसवत सांगतात आणि तरी त्यांना काय सोसावं लागलं ते आपल्याला नेमकं कळतं. काऊला काय वाटलं असेल, असं आमच्यातली बाई विचारत होती ना, त्याचं उत्तर मला लक्ष्मीबाईंत मिळालं. आणि तिसरं, ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’. स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ पासून ते गावोगाव केलं. वस्तीवस्तीत बायका त्याला हसल्या आणि हसता हसता हुंडा, मुलीचा जन्म यांवर बोलल्या.

आपल्या मागे हे एवढं आहे. आणि आपल्या अंकात? मी गेले आठ अंक चाळले. अत्याचाराचे अहवाल आहेत, कायद्यांची माहिती आहे, मोर्चे आहेत, ते असायलाच हवेत. हसू कुठं नाही. संपादक मैत्रिणी रागावणार नाहीत अशी आशा आहे. बायकांच्या आपसातल्या विनोदाबद्दल मला फार भाबडेपणाही नाही. आमच्याकडचे निम्मे विनोद सुनेवर असतात, उरलेले सासूवर, आणि जाड, काळी, वांझ या शब्दांना अजून हुकमी हसू मिळतं. मागच्या महिन्यात मूल नसलेली एक बाई अशा एका विनोदानंतर उठून गेली. दोघी जणी तिला घरी जाऊन भेटल्या, पण ती अजून आलेली नाही. तेव्हा तपासायचं ते लेखकाला आणि आपल्यालाही.

पुढच्या दोन गुरुवारी ‘स्मृतिचित्रे’तली काही पानं आणि त्यानंतर गौरी देशपांडे घेणार आहोत. गौरीबाईंच्या नायिकांबद्दल गटातून आधीच एक प्रश्न आलेला आहे, "हिच्या घरी भांडी कोण घासतं?" तो मी वाचताना समोर ठेवणार आहे. ‘कवच’ची झेरॉक्स हवी असेल त्यांनी माझ्याकडे नाव द्या, माझ्याकडे दोनच प्रती आहेत. आणि आपापल्या वस्तीतल्या वल्ली बायकांबद्दल ज्यांना लिहायचं असेल त्यांनी लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, मी उतरवून घेईन. मासेवाल्या आत्यापासून सुरुवात करायची असं आमचं ठरलं आहे, फक्त छापण्यासारखं किती उरतं ते बघायचं आहे.